सोफियात मान हलवताना

इथे हो म्हणताना मान आडवी हलते,
नाही म्हणताना उभी.
विमानात शेजारच्या दंतवैद्याने सांगितलं होतं हे,
मी हसण्यावारी नेलं.
पहिल्याच सकाळी बेकरीत फोनवर लिहून विचारलं,
आत मांस आहे का?
पोरीने मान उभी हलवली.
मी मुकाट बाहेर.
अशी तीन दुकानं उपाशी फिरले,
आणि प्रत्येकात आत नुसतं चीज होतं.

मधल्या रस्त्यांना पिवळ्या विटा.
पावसात साबण.
कोटातला एक गृहस्थ माझ्यासमोर सपशेल आपटला,
उठला, त्या विटेकडे बघितलं
जुन्या भाडेकरूकडे बघावं तसं,
आणि गेला.

काही दुकानं तळघरात, खिडकी फुटपाथला टेकलेली.
काडेपेटी घ्यायची तरी उकिडवं बसायचं.
रात्री अकराला बसले, गुडघे कुरकुरले,
खालून फक्त एक हात वर आला, अंगठीवाला.
पाण्याची बाटली दिली, सुट्टे दिले.
चार दिवसांत त्या हाताशी माझी चांगली ओळख झाली.
चेहरा विचारू नका.

घरमालकीण झ्लाटका, ऐंशीची.
जिन्यातली पोरं तिला बाबा म्हणतात.
बाबा म्हणजे आजी, त्यांच्या भाषेत.
माझी जीभ दोन दिवस वळेना,
माझे बाबा सहा फूट, पोस्टात होते, खाकरले की गल्लीला कळायचं.
तिसऱ्या दिवशी निघून गेलं तोंडातून:
बाबा, चावी कुठे ठेवू?
मराठीतच.
तिने खुंटी दाखवली.
मी जरा वेळ तिथेच उभी.
चावी कुठे ठेवू, असं कुणाला विचारून
बरीच वर्षं झाली होती.

दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर, झाडांच्या बुंध्यांवर
कागद चिकटवलेले, फोटोसकट.
मला वाटलं निवडणूक आलीय.
पण इतके म्हातारे उमेदवार,
आणि एकाचेही हात जोडलेले नाहीत?
मग खालचे आकडे वाचले.
चाळीस दिवस. सहा महिने. अकरा वर्षं.
मेल्याची बातमी शिळी होत नाही इथे,
पावसाने फाटली की नवी लावतात.

आमच्या दारावर एक मिशीवाला,
चौकड्यांचा शर्ट, किंचित वैतागलेला,
फोटोवाल्याने फार वेळ घेतल्यासारखा.
येता-जाता मी त्याला एकदोनदा नमस्कारही केला.
नाव लावायला तीन दिवस लागले,
अक्षर जोडून अक्षर: दो-ब्रो-मिर.
आडनाव झ्लाटकाच्या घंटीवरचंच,
फक्त शेवटचा काना नाही.

शेवटच्या सकाळी ती मला झऱ्यावर घेऊन गेली.
भर शहरात, जुन्या स्नानगृहाशेजारी, ओळीने नळ,
गरम पाणी, वाफ,
आणि ढकलगाडीत कॅन घेऊन आलेलं अर्धं गाव.
चव विझलेल्या काडीची. मी पोटभर प्यायले.
झ्लाटकाने दोन कॅन भरले,
दोन्ही उचलायला वाकली,
मग एक पुन्हा उपडा केला, सावकाश,
शेवटच्या थेंबापर्यंत.

मी विचारलं, येते का आठवण?
फोन पुढे धरला.
तिने चष्मा वर करून वाचलं
आणि मान हलवली, उभी.
आता हे तिचं नाही होतं,
की माझ्या सोयीसाठी उलटवलेलं हो,
ते मला अजून कळलेलं नाही.
तिने माझी बाटली मात्र काठोकाठ भरून दिली.

विमानतळावर पोलिसाने विचारलं,
बॅगेत काही पातळ?
मी मान हलवली.
आपण हलवतो तशी,
थोडी आडवी, थोडी उभी, थोडी खांद्यातून.
त्याने सुस्कारा सोडला
आणि चेन उघडली.
बाटली अजून कोमट होती.